बी.एड.चा फॉर्म आणि गावाची गाडी

दर पाच वर्षांनी सुरतेतल्या आमच्या पांडेसऱ्याच्या गल्लीत एक लक्झरी बस येऊन उभी राहते. पुढच्या काचेवर आमच्या गावाचं नाव लिहिलेला कागद चिकटवलेला असतो. गाव धुळे जिल्ह्यातलं. तिथं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की उभे राहिलेले लोक सुरतेतल्या मतदारांना न्यायला गाडी पाठवतात. गल्लीतली निम्मी माणसं मिलच्या कामासाठी इथं आली त्याला पंचवीस-तीस वर्षं झाली. इथंच त्यांचे संसार झाले, इथंच आम्ही मुलं शाळेत गेलो. पण मतदारयादीतलं नाव आणि रेशनकार्ड मात्र कोणी गावाहून हलवलं नाही. बसच्या दिवशी बायका लग्नाच्या ठेवणीतल्या साड्या काढतात, पुरुष मिलमध्ये खाडा टाकतात, आणि उधना दरवाजा यायच्या आतच बसमध्ये पोहे वाटून होतात. लहानपणी मला वाटायचं, निवडणूक हा गावदेवीसारखाच काहीतरी सण असणार.

माझे वडील एका डाइंग मिलमध्ये स्टेंटरवर आहेत. स्टेंटर म्हणजे रंगवलेलं ओलं कापड ताणून वाळवणारं लांबलचक मशीन. त्याच्या तोंडाशी बारा तास उभं राहायचं, उन्हाळ्यातसुद्धा. मिलमध्ये त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही, ‘ए स्टेंटर’ म्हणतात. बसच्या यादीत मात्र त्यांचं पूर्ण नाव असतं, आजोबांच्या नावासकट. पॅनलचा माणूस बसच्या दारात उभा राहून ते मोठ्याने वाचतो आणि पप्पा ‘हां’ म्हणून चढतात. परत आले की आठवडाभर डाव्या हाताच्या बोटावरची शाई ते सगळ्यांना दिसेल अशा बेताने चहाचा कप धरतात. मी त्यांना यावरून पुष्कळ चिडवलं आहे. आता चिडवत नाही.

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आई म्हणते, मिलचा बॉयलर तुझ्यापेक्षा बरा, फुटायच्या आधी निदान शिट्टी तरी देतो.

पालिकेच्या मराठी शाळेत मी आठवी केली, मराठी माध्यमातूनच दहावी, आणि अकरावीपासून गुजराती. गणित घेऊन बी.एस्सी. झाले. कॉलेजात असल्यापासून घरातल्या पुढच्या खोलीत नववी-दहावीच्या मुलींच्या शिकवण्या घेते. एका बाजूला आई साड्यांवर गोंदाने स्टोन चिकटवत बसलेली असते, दुसऱ्या बाजूला मी पाटीवर त्रिकोण काढत असते. एक मुलगी होती, तिला सहामाहीत गणितात भोपळा मिळाला होता. वार्षिकला ती पास झाली तेव्हा तिची आई पेढे घेऊन आली आणि मला ‘मॅडम’ म्हणाली. घरी कोणी मला मॅडम म्हणावं असं काही माझ्यात नव्हतं, पण त्या दिवशी मी ठरवलं की आपण हायस्कुलात शिकवायचं. आणि हायस्कुलात शिकवायचं तर बी.एड. हवंच.

कुठून करायचं हे ठरवायला मी वहीचं मधलं पान घेतलं. डावीकडे सुरत, उजवीकडे नंदुरबार. सुरतेचं कॉलेज अनुदानित, गुजराती माध्यमाचं, घरापासून एका सिटी बसवर. नंदुरबारचं मराठी माध्यमाचं. उधन्याहून रेल्वे आहे, मावशी तिथं राहते. दोन्हीकडे गणित आणि विज्ञान हेच विषय मिळणार होते. आता माझ्या भाषेचं म्हणाल तर ती दोन्हीकडे हसण्यावारी जाते. मी गुजरातीत दोन वाक्यं बोलले की समोरचा विचारतो, ‘मराठी छो?’ आणि नंदुरबारला मावसबहिणीच्या हळदीत मी बेरजेला गुजरातीतलं ‘सरवाळा’ म्हणाले तर मांडवातल्या बायका पोट धरून हसल्या. तेव्हा त्या मुद्द्यावर दोन्ही बाजूंना सारखीच फुली मारली.

आठ दिवस ते पान मी रोज वाचलं. शेवटी सुरत ठरवलं, कारण बी.एड.ला सराव पाठ घ्यायला जवळच्या शाळांत पाठवतात, आणि इथल्या शाळांत माझ्या गल्लीसारख्याच गल्ल्यांतली मुलं असणार होती. वर्गात कोण अहिराणीत कुजबुजतंय, कोण हिंदीत आणि कोण गुजरातीत, हे मला न बघता कळतं. ते कळणाऱ्या बाईची इथं गरज आहे असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. नंदुरबार दुसरी पसंती म्हणून ठेवलं.

नाक्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथले भाऊ सगळ्या गल्लीचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. त्यांनी माझा भरला. पहिली यादी लागली आणि माझं नाव प्रवेशाच्या रेषेच्या जरासं खाली राहिलं. अगदी जरासं. मी तिथंच स्टुलावर बसले. भाऊंनी मोबाइल माझ्याकडे वळवला आणि गुजरातीत समजावलं, “बेन, चिंता ना करो. आर्थिक पछातनी सीट खाली छे.” म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या राखीव जागा अजून रिकाम्या होत्या. उत्पन्नाचा दाखला जोडला तर दुसऱ्या फेरीत माझं नक्की होणार होतं. “पण दाखला माटे रेशनकार्ड अहींनुं जोईए,” ते म्हणाले. इथलं, म्हणजे सुरतेचं.

मी घरी जवळजवळ पळतच आले. पप्पा दिवसपाळीहून येऊन नुकतेच जेवायला बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं की गावच्या रेशनकार्डावरून आपली नावं कमी करून आणा, म्हणजे इथलं कार्ड निघेल.

“आते?” पप्पांचा हात ताटात थांबला. “आते कसं व्हई? यंदा तुन्हा काका उभा शे.”

काका म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ. ते गावीच असतात. दोनदा पडले होते, आणि यंदा त्यांना हमखास निवडून यायचं होतं.

“रेशनकार्डाचा आणि मताचा काय संबंध?” मी म्हटलं.

“तुले नही समजाव. कार्डवरथून नाव गयं का समोरला हरकत लेतस. म्हनतस, हाऊ मानूस गावमा ऱ्हास नही. मंग मतबी जास.” मग जरा मऊ आवाजात म्हणाले, “एकदाव मतदान व्हऊ दे, पोरी. मंग लगेच जाऊत.”

मतदान दिवाळीनंतर होतं. माझी दुसरी फेरी मात्र चालू महिन्याअखेरीस संपणार होती. मी हे सांगितलं, परत सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज शेजारच्या तीन घरांत गेला. गावात आहे काय तुमचं, असं विचारलं. एक खोली, तीत काकांचा कडबा भरलेला. तीस वर्षांत सगळे मिळून किती दिवस राहिलात तिथं? आई मान खाली घालून स्टोन चिकटवत होती. तिने एकदाही वर बघितलं नाही.

पप्पा म्हणाले, “गाव मन्हासाठे गाडी धाडस. तठे यादीमा मन्हं नाव ऱ्हास.”

“गाडी तुमच्यासाठी नाही पाठवत,” मी म्हणाले, “मतासाठी पाठवतात.”

हे वाक्य मी बोलले. खोटं नव्हतं, पण बोलायला नको होतं. पप्पांनी हात धुतले आणि ताट तसंच ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ताटात अर्धी भाकरी होती. ती मीच नंतर उचलून ठेवली, आणि मला वाईट वाटलं नाही हे लिहायला लाज वाटते. मला फक्त राग आलेला होता.

तीन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. चौथ्या दिवशी पप्पा पहाटेच्या गाडीने गेले. मिलमध्ये खाडा, कुठे जातो ते आईलाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी परतले तेव्हा त्यांच्या खिशात तालुक्याचा शिक्का असलेला नाव कमी केल्याचा दाखला होता. तिघांचीही नावं. त्यांनी तो माझ्या वहीवर ठेवला आणि म्हणाले, “ले. आते पाह्य.” गावात कोणाला भेटलात का विचारलं, तर नाही म्हणाले. तालुक्यातूनच परत फिरले होते. पण अशी गोष्ट लपत नाही. संध्याकाळी काकांचा फोन आला. पप्पा तो घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि बऱ्याच वेळाने आले. त्यानंतर काकांचा फोन आला नाही.

मी किती खुश होते! दाखल्याच्या चार झेरॉक्स काढल्या. त्या रात्री जेवताना मी पप्पांना आपणहून दोनदा भाजी वाढली.

मग आम्ही बापलेक सरकारी कचेरीच्या रांगेत उभे राहू लागलो. पहिल्या खेपेला खिडकीतल्या साहेबांनी लाइटबिल मागितलं. आम्ही भाड्याने राहतो, बिल घरमालकाच्या नावाचं. त्यांचं संमतीपत्र आणा म्हणाले. घरमालक संमतीपत्र देईना. त्याला वाटलं, कागद दिला की आम्ही घरावर हक्क सांगू. पप्पा त्याच्याकडे तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी मी बरोबर होते, तेव्हा पप्पा त्याला हात जोडून म्हणाले, “शेठ, बेटीनुं भणवानुं छे.” मुलीचं शिक्षण आहे, असं. त्यांची गुजराती मिलची आहे, मोडकीतोडकी. आधी मला त्या गुजरातीचीच लाज वाटायची, आणि त्या दिवशी स्वतःची वाटली. शेठने सही केली. दुसऱ्या खेपेला सर्व्हर बंद होता. तिसऱ्या खेपेला फॉर्म घेतला आणि एक पावती दिली. कार्ड कधी मिळेल विचारल्यावर साहेब म्हणाले, मेसेज येईल. चौथ्या खेपेलाही मेसेज येईल असंच म्हणाले. मी तिथं चढ्या आवाजात बोलले, तर पप्पांनी माझा दंड धरून मला रांगेबाहेर काढलं. साहेबांना म्हणाले, “माफ करजो, नानी छे.” म्हणजे लहान आहे. मी तेवीस वर्षांची होते.

फेरीची शेवटची तारीख आली. भाऊंच्या दुकानात मी संध्याकाळपर्यंत बसून होते. रेशनकार्डाची पावती चालेल का म्हणून त्यांनी मदतीच्या नंबरावर किती वेळा फोन लावला ते मोजलं नाही. कोणी उचललाच नाही. सहा वाजता पोर्टलवरचं ते पान बंद झालं, आणि माझ्या नावापुढे ‘खुला वर्ग’ असंच राहिलं. भाऊंनी मला चहा मागवला. मी तो प्यायले नाही, पण त्यांनी मागवला होता हे लक्षात राहिलं आहे.

वहीच्या पानावर नंदुरबार अजून शिल्लक होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या कॉलेजात फोन केला. फोनवर एक कारकून होते, वयस्कर असावेत, बोलायला फार चांगले. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “शिक्षण गुजरातचं आहे, म्हणजे तुम्ही बाहेरच्या राज्याच्या यादीत जाता, तिथं आता जागा नाही. पण वडिलांचं रेशनकार्ड, मतदान वगैरे गावाकडचं असेल ना?”

मी वही मिटली.

“असेल तर तहसीलमधून रहिवासाचा दाखला काढून घ्या ताई,” ते म्हणाले, “आपल्या यादीत घेता येतं का ते मी बघतो. तुमच्यासारखी एक-दोन मुलं दरवर्षी येतात सुरतेकडून. अजून आठ दिवस आहेत.”

“होतं,” मी म्हणाले.

“होतं म्हणजे?”

“मागच्या महिन्यात कमी केलं.”

“अहो, कोणी सांगितलं तुम्हाला कमी करायला?”

कोणी नव्हतं सांगितलं. ज्याने तीस वर्षं ते जपलं त्याच्यावर ओरडून, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडून, मीच ते कमी करायला लावलं होतं. आठ दिवस वहीतलं पान वाचलं, पण नंदुरबारला कोणते कागद लागतात ते विचारायला एक फोन करावा हे मला, दहावीच्या मुलींना ‘आधी उदाहरण नीट वाचा’ म्हणून सांगणाऱ्या बाईला, सुचलं नाही. पप्पा फक्त इतकंच म्हणत होते की थोडं थांब. ते थांबले असते तर नंदुरबारचा दरवाजा उघडा राहिला असता. त्यांना याची कल्पना नव्हती, ते आपल्या मतासाठी थांबत होते. पण म्हणून काय झालं.

हा फोन मी घरी कोणाला सांगितला नाही. आजही त्यांना माहीत नाही.

मग एका खासगी शाळेत सहावीच्या वर्गावर लागले. बी.एड. नसल्यामुळे हजेरीपटावर माझं नाव नसतं, रजेवर गेलेल्या बाईंच्या नावाखाली मी शिकवते. घरी मी एवढंच सांगितलं की ॲडमिशनचं काम चालू आहे, तोपर्यंत ही नोकरी. पप्पांनी जास्त विचारलं नाही. आमच्या घरात शिक्षणाच्या गोष्टी मला विचारायच्या नाहीत असा एक रिवाजच पडला आहे, कारण मी चिडते.

गणपती झाल्यावर रेशनकार्ड आलं. त्यावर पांडेसऱ्याचा पत्ता, पप्पांचं, आईचं आणि माझं नाव. पप्पांनी त्याला प्लास्टिकचं कव्हर करून आणलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं. मी आईला म्हणाले, तिथं कशाला, कपाटात ठेव. आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे.”

पप्पा म्हणाले होते तसंच झालं. विरोधी पॅनलने हरकत घेतली आणि आमची तिन्ही नावं गावच्या मतदारयादीतून उडाली. सुरतेच्या यादीत नाव घालायचा फॉर्म मी भरून दिला आहे. मेसेज येईल.

दिवाळीनंतर बस आली. सकाळी उठून बघते तर पप्पांनी अंघोळ करून पांढरा शर्ट घातलेला. कुठे निघालात असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण आईने डोळ्यांनीच मला गप्प केलं. मी ओट्यावर उभी राहिले. पप्पा बसजवळ गेले. म्हाताऱ्यांना हात देऊन चढवलं, कोणाची पिशवी वर दिली, पोह्यांचं पातेलं आत पोचवलं. पॅनलचा माणूस दारात उभा राहून नावं वाचत होता. पप्पांचं नाव ज्या अक्षराने सुरू होतं तिथं आल्यावर तो जरा अडखळला आणि पुढचं नाव वाचलं. मग खाली बघून पप्पांना म्हणाला, “भाऊ, तुन्हं नाव नही शे यंदा.”

“माहीत शे,” पप्पा म्हणाले. “मी पोचाडाले उनू.”

बस गेली. गल्ली एकदम रिकामी झाली. पप्पा तिथंच उभे होते. बस कुठल्या बाजूने वळली ते बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्याच बाजूला बघत होते. मला त्यांच्याजवळ जायचं होतं. जाऊन काय म्हणणार होते कोण जाणे. जे खरं होतं ते मी आधीच एकदा ताटावर म्हणून बसले होते. गाडी मतासाठी पाठवतात. बघा पप्पा, मी म्हटलं नव्हतं का? मी घरात गेले आणि दार अर्धवट लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माणसं परत आली, प्रत्येकाच्या बोटाला शाई. काका निवडून आले. आणि थोडक्यात नाही, भरपूर मतांनी. शेजाऱ्याच्या मोबाइलवर त्यांचा गुलालात माखलेला व्हिडिओ होता. पप्पांनी तो दोनदा बघितला, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, “बरं व्हयनं. आपली गरजच नव्हती.”

त्यांची दुसरी पाळी होती. आईने डबा भरून दिला. दारात चप्पल घालता घालता त्यांची नजर देवाच्या फळीकडे गेली, आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला माझ्या शिक्षणाबद्दल विचारलं. चेहऱ्यावर कुठे राग नव्हता. उलट उत्सुकता होती, एखादं काम आता पार पडलंच आहे असं समजणाऱ्या माणसाची असते तशी.

“आते कार्ड उनं ना,” ते म्हणाले. “मंग तुन्हं कालेज कव्हय चालू व्हई?”

सहावीतलं मूल चुकीचा प्रश्न विचारतं तेव्हा मी त्याला न रागावता समजावते. नोकरीच्या या चार महिन्यांत मला तेवढं जमायला लागलं आहे. पण इथं प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांनी आपल्याकडचं देऊन टाकलं होतं आणि बदल्यात काय मिळालं ते विचारत होते.

“पुढच्या वर्षी,” मी म्हणाले.

“हां, मंग चाली,” पप्पा म्हणाले, आणि डबा घेऊन मिलला गेले.